छत्री की हत्ती? घानाच्या मतदारासमोरचे दोन पक्ष

पश्चिम आफ्रिकेतल्या घानात 1992 च्या राज्यघटनेपासून सत्ता दोनच पक्षांत फिरते आहे. नॅशनल डेमोक्रॅटिक काँग्रेसचं (एनडीसी) चिन्ह छत्री, न्यू पॅट्रिऑटिक पार्टीचं (एनपीपी) हत्ती. स्वातंत्र्य मिळवून देणाऱ्या क्वामे एन्क्रुमांचा पक्ष, कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी (सीपीपी), आजही आहे, पण त्याला मत देणं म्हणजे श्रद्धांजली वाहणं.

एनडीसी स्वतःला समाजवादी विचारांची म्हणवते, एनपीपी उद्योगधंद्यांची कैवारी. या पाट्यांवर जाऊ नका. सरकारी कंपन्या विकायला काढल्या एनडीसीचे संस्थापक जेरी रॉलिंग्ज यांनी. उलट, राष्ट्रीय आरोग्य विमा (2003) आणि सीनियर हायस्कूलचं मोफत शिक्षण (2017) या दोन्ही योजना ‘भांडवलदारांच्या’ एनपीपीनं आणल्या. मोफत शिक्षणामुळे शाळा इतक्या भरल्या की मुलांना पाळीपाळीनं शाळेत बोलवावं लागलं, तरीही योजना टिकली. 2025 मध्ये पुन्हा राष्ट्राध्यक्ष झालेल्या एनडीसीच्या जॉन महामांनीही ती सुरू ठेवली.

म्हणजे योजनांच्या बाबतीत हत्तीचं पारडं जड. पण तिजोरी सांभाळण्यात? इथे दोघांचेही हात पोळलेत. महामांच्या पहिल्या कारकिर्दीत वीज इतकी जायची की लोकांनी तिला नावच ठेवलं: ‘दुमसोर’. त्वी भाषेत ‘दुम’ म्हणजे विझव, ‘सोर’ म्हणजे पेटव. 2016 मध्ये ते हरले, त्यात या अंधाराचा वाटा होता. नंतर एनपीपीचे राष्ट्राध्यक्ष अकुफो-अडो यांच्या काळात, 2022 च्या अखेरीस, महागाई 54 टक्क्यांवर गेली आणि देशानं परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले. लोकांकडचे सरकारी रोखे काढून घेऊन बदल्यात कमी व्याजाचे, उशिरा पैसे देणारे रोखे द्यायचं ठरलं, तेव्हा निवृत्त म्हातारी माणसं अर्थखात्याच्या दारात जाऊन बसली. 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून 3 अब्ज डॉलर घ्यावे लागले. नाणेनिधीच्या दारात एनडीसीही 2015 मध्ये गेलीच होती, त्यामुळे तिनं फार नाक वर करू नये.

त्याच काळातला ई-लेव्ही, म्हणजे डिजिटल पैसे पाठवण्यावरचा कर, लोकांना जास्त झोंबला. घानात पैसे ‘मोमो’नं, म्हणजे मोबाइलवरून पाठवतात. कुमासी शहरातल्या मुलानं गावी आईला 1000 सेडी (घानाचं चलन) पाठवले, तर पहिले 100 माफ, उरलेल्या 900 वर दीड टक्का, म्हणजे साडेतेरा सेडी सरकारला. पुढे दर एक टक्क्यावर आला. 2025 मध्ये एनडीसीनं तो करच काढून टाकला.

प्रदेशाचं गणित वेगळंच. अशांती प्रांत हा हत्तीचा बालेकिल्ला, व्होल्टा प्रांत छत्रीचा; तिथे बहुतेकांचं मत आधीच ठरलेलं असतं. खरी चुरस ग्रेटर अक्रा आणि सेंट्रल या प्रांतांमध्ये. डिसेंबर 2024 ला महामांना 56 टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि एनपीपीचे उमेदवार बावुमिया यांनी अधिकृत निकालाआधीच हार मान्य केली.

माझं विचाराल तर पेन्शनचे पैसे रोख्यांत अडकलेल्याला हत्तीचा राग येणं रास्तच आहे. ज्याला ‘दुमसोर’ आठवतो, त्यानं छत्रीखाली डोळे मिटून जाऊ नये. शिवाय 2028 ला महामांना घटनेप्रमाणे उभं राहता येणार नाही, म्हणजे एनडीसीचा चेहरा नवा असेल.

आणि दोन्ही मतं एकालाच द्यावीत असं कुठे आहे? राष्ट्राध्यक्षाची मतपत्रिका वेगळी, खासदाराची वेगळी. शाई लावलेला अंगठा हवा तिथे उमटवता येतो. एकीकडे छत्री, दुसरीकडे हत्ती, याला घानात ‘स्कर्ट अँड ब्लाऊज’ म्हणतात. 2020 मध्ये संसदेत दोन्ही पक्षांना 137-137 जागा मिळाल्या आणि उरलेला एक अपक्ष अचानक फार मोठा माणूस झाला.