सायकलच्या ६६ सीसी इंजिनाला सीएनसी हेड, घ्यावं का?

इकडे अमेरिकेत सायकलला लावायचं टू-स्ट्रोक किट मिळतं ना, ८० सीसी म्हणून विकतात पण बोअर (सिलेंडरचा व्यास) ४७ आणि स्ट्रोक (पिस्टनची खाली-वर चाल) ३८ एमएम म्हणजे खरं ६६च, त्याचं मूळ ओतीव हेड (सिलेंडरचं वरचं झाकण) काढून सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, कापलेलं ॲल्युमिनियमचं हेड बसवलंय आणि जाम खूश आहे. चढावर आधी पेडल मारावंच लागायचं, आता गाडी आपली आपण ओढते.

घेण्याआधी हेड धरून ठेवणारे स्टड (आट्यांचे दांडे) मोजा, ६ एमएमचे आहेत की ८चे, विकणारे सांगतातच असं नाही. आणि नुसतं कॉम्प्रेशन बघून उडी मारू नका, खरी गोम स्क्विशमधे आहे, म्हणजे पिस्टन पार वर आल्यावर त्याच्या कडेत आणि हेडमधे उरणाऱ्या फटीत. सोल्डरची तार प्लगच्या भोकातून सिलेंडरच्या कडेपर्यंत सरकवायची, हाताने इंजिन एक फेरा फिरवायचं आणि चपटी झालेली तार कॅलिपरने मोजायची. माझी १.४ एमएम आली, मग पातळ गॅस्केट टाकून १ एमएमच्या आत आणली, तेव्हा कुठे खरा दम कळला. नट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, एकदम नाही.

तिरक्या प्लगचं हेड दिसतं भारी, पण मला सरळच आवडलं, ठिणगी बरोब्बर मधे पडते. साध्या पेट्रोलवर इंजिनाची टकटक (नॉकिंग) ऐकू आली तर जास्त ऑक्टेनचं भरा. महाग आहे, तरी पैसे वसूल.