टॅली प्राइमचं एडिट लॉग : छोट्या धंद्यालाही चालू करण्यासारखं

आमचं हार्डवेअरचं होलसेल आहे, टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर तिघं जण एन्ट्री मारतात, आणि एडिट लॉग (कोणी, कधी, काय बदललं याची आपोआप राहणारी नोंद) चालू केल्यापासून पार्टीचं म्हणजे गिऱ्हाइकाचं लेजर (खातं) जुळवताना होणारी वादावादी खरंच कमी झालीये म्हणून हे लिहितोय.

आधी कायद्याचं सांगतो कारण यात खूप जणांचा गोंधळ होतो. सॉफ्टवेअरवर हिशोब ठेवणाऱ्या कंपन्यांना प्रत्येक बदलाची तारखेसकट नोंद राहील आणि ती बंद करता येणार नाही असंच सॉफ्टवेअर वापरायचं बंधन आहे, नियम आला २०२१ ला, दोनदा पुढे ढकलला आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. ऑडिटरलाही रिपोर्टमधे त्यावर लिहावं लागतं. पण हे कंपन्यांसाठी. प्रोप्रायटरशिप किंवा भागीदारीतल्या दुकानाला या नियमाची सक्ती नाही, आमच्यावरही नाही, तरी आम्ही चालू केलंय.

का ते सांगतो. एका पार्टीचं आउटस्टँडिंग (येणं बाकी) ९,००० ने जुळत नव्हतं, पार्टी म्हणते बिल ४५,००० चं, आमच्या लेजरला ५४,०००. पूर्वी असं झालं की तू केलंस मी नाही केलं यातच संध्याकाळ जायची. आता व्हाउचर (त्या बिलाची एन्ट्री) उघडलं, एडिट लॉग बघितला, पहिलं व्हर्जन ४५,००० चं, नंतर दुसऱ्या यूजरने आयटमचा रेट बदललेला, तारीख वेळ सगळं समोर, आणि जे बदललं तेवढंच वेगळं उठून दिसतं. दोन मिनिटात विषय संपला आणि कोणावर खोटा आळ आला नाही, मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डिलीट केलेल्या व्हाउचरचीही नोंद राहते. लेजर, स्टॉक आयटम असल्या मास्टर्समधले बदलही येतात.

घेताना एक बघा, यात दोन प्रकार आहेत. साध्या टॅली प्राइममधे एफ ११ च्या सेटिंगमधून लॉग चालू करता येतो पण बंदही करता येतो, म्हणजे ज्याच्याकडे अॅडमिनचा पासवर्ड त्याच्या हातात सगळं. टॅली प्राइम एडिट लॉग नावाचं वेगळं व्हर्जन आहे त्यात तो बंदच होत नाही. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर हे एडिट लॉगवालंच घ्या, सीएला विचारून घ्या.

आणि कळकळीची विनंती, प्रत्येकाला वेगळा यूजर आणि पासवर्ड द्या! अर्ध्या दुकानांत एकाच लॉगिनवर मालक, अकाउंटंट आणि पार्ट टाइम येणारा मुलगा सगळेच बसतात, मग लॉगमधे बदल दिसेल पण केला कोणी ते कसं कळणार? पासवर्ड मॉनिटरवर चिकटवून ठेवला तरी तेच.

कमी काय वाटतं तर बदल का केला हे लॉग सांगत नाही. आम्ही नियमच केलाय की जुनी एन्ट्री बदलली तर नरेशनमधे (एन्ट्रीखालच्या शेऱ्यात) एक ओळ लिहायची, "पार्टीशी बोलून रेट बदलला" एवढं पुरतं. शिवाय लॉग चालू केला तिथून पुढचंच दिसतं, मागच्या वर्षी कोणी काय फिरवलं ते आता निघणार नाही, त्यामुळे करायचंच असेल तर मार्च एंडची वाट बघू नका, आधी डेटाचा बॅकअप घ्या आणि याच आठवड्यात करून टाका.