स्कॅन रिपोर्ट दुसऱ्याच गाडीचा, १,४९,८०० रुपये माझे

ठाण्यात वागळे इस्टेट परिसरातील एका खासगी गॅरेजने माझ्या २००९ सालच्या मर्सिडीज एसएलके २०० कॉम्प्रेसरच्या दुरुस्तीच्या नावाखाली माझ्याकडून १,४९,८०० रुपये उकळले आणि मूळ बिघाड जसाच्या तसा ठेवून गाडी परत केली. जुन्या स्पोर्ट्स कार बाळगणारे ठाणे-नवी मुंबईत बरेच आहेत आणि त्यांच्यापैकी कोणीही उद्या याच माणसांच्या दारात उभे राहू शकते, म्हणून हे लिहितो आहे.

तक्रार साधी होती. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसते चालू असताना, आरपीएमचा काटा सतत खाली-वर होई, तीन हात नाक्याच्या सिग्नलला ब्रेक दाबून उभे असताना सगळी गाडी थरथरे आणि मध्येच इंजिन बंद पडे. गायमुखच्या चढावर मात्र गाडी नेहमीसारखी ओढत होती. हे मी गॅरेजमध्ये पहिल्याच दिवशी सांगितले होते. फोरमनने स्कॅनर लावला, पी०१७१ हा कोड दाखवला आणि ‘साहेब, मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, थ्रॉटल बॉडी आणि एअरफ्लो सेन्सर दोन्ही गेलेत,’ असे ठामपणे सांगितले. त्यानंतरचा हिशेब असा: स्कॅनिंग २,००० रुपये, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) ४१,५००, एअरफ्लो सेन्सर (ती हवा मोजणारा) २३,८००, आणि तेवढ्याने भागले नाही म्हणून ईसीयूची (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाची) ‘दुरुस्ती’ ६८,०००, शिवाय मजुरी १४,५००. यांपैकी ९५,००० रुपये मी यूपीआयने दिले आणि ५४,८०० रोख. यूपीआयची रक्कम गॅरेजच्या नव्हे, एका व्यक्तीच्या खात्यात घेतली गेली. असे खाते पुढे आले की पैसे देणे तिथेच थांबवावे.

ज्या क्षणाने माझी झोप उडवली आहे, तो स्कॅन रिपोर्ट हातात आला तेव्हाचा. दोन पानांचा छापील कागद होता. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत चासी नंबर होता आणि त्यात २०३ हे आकडे होते. माझ्या पिढीच्या एसएलकेच्या चासी नंबरात १७१ असतात. २०३ म्हणजे त्या काळातील सी-क्लास. तो कागद माझ्या गाडीचा नव्हताच. फोरमनने पान माझ्यासमोर धरले होते ते अंगठा नेमका त्या कोपऱ्यावर ठेवून, आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने तो खालच्या लाल ओळी दाखवत होता. आरसी माझ्या खिशात होती. पण स्वतःची गाडी समोर उभी असताना, तिच्यावरच स्कॅनर लावलेला असताना, रिपोर्ट दुसऱ्या गाडीचा असेल अशी शंका कोणत्या सरळ माणसाला येईल? त्या सी-क्लासमध्येही हेच १७९६ सीसीचे इंजिन येत असे, त्यामुळे कोड आणि आकडे अगदी पटण्यासारखे होते. आता लक्षात येते की कागद त्यासाठीच निवडला होता.

गाडी घरी आली, चेक इंजिनचा दिवा विझलेला होता आणि काही दिवस सगळे बरे वाटले. कोड पुसला आणि थ्रॉटल बॉडी साफ केली की एवढे होतेच. मग पुन्हा तीच थरथर सुरू झाली.

शेवटी तुर्भ्याच्या एका मेकॅनिकने इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या मार्गात, धूर सोडून तपासणी केली. इनटेक मॅनिफोल्डच्या खालून, जिथे नुसत्या डोळ्यांनी काही दिसत नाही तिथून, धुराची बारीक रेघ वर आली. क्रँककेसच्या ब्रीदरचा, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातील वायू इनटेककडे नेणारा, रबरी पाइप उष्णतेने कडक होऊन चिरला होता. काढताना त्याचे हातात तुकडे झाले. सेन्सरने न मोजलेली हवा तिथून आत शिरत होती. आयडलिंगला इंजिन मुळातच थोडी हवा घेते, म्हणून ही चोरटी हवा तेव्हाच सर्वांत जाचते. आरपीएम वाढला की तिचा वाटा नगण्य होतो आणि गाडी सुरळीत चालते. म्हणूनच आयडलिंगला आणि २,५०० आरपीएमला फ्युएल ट्रिमचे (ईसीयू पेट्रोल किती वाढवतो वा घटवतो आहे त्याचे) आकडे वेगवेगळे मागून घ्यावेत. आयडलिंगला ट्रिम खूप वाढलेला आणि वर गेल्यावर उतरलेला दिसला, तर महागड्या सुट्या भागांना हात लावू देण्याआधी धुराची तपासणी करून घ्यावी. पाइपचा संच ४,६०० आणि तपासणीसह मजुरी ६,५०० रुपये, एवढ्यात गाडी ठीक झाली.

त्याच मेकॅनिकने बाकीचेही दाखवले. ‘नव्या’ एअरफ्लो सेन्सरवर २००९ चा छाप होता आणि त्याच्या स्क्रूंच्या खाचांत वर्षांची धूळ घट्ट बसलेली होती. ६८,००० रुपये घेऊन ‘उघडलेल्या’ ईसीयूचे मूळ सील शाबूत होते. जुने सुटे भाग मी मागितले होते, तेव्हा ‘भंगारात गेले’ असे उत्तर मिळाले होते. काम सुरू होण्यापूर्वीच जुने भाग परत हवेत असे लेखी घ्यावे.

आता यंत्रणांविषयी. पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी वाद आहे, ग्राहक मंचात जा’ असे सांगून मला बाकावर बसवून ठेवले. खोटा कागद दाखवून आणि न बसवलेल्या भागाचे पैसे घेऊन केलेला व्यवहार फसवणूक नसेल, तर भारतीय न्याय संहितेतील कलम ३१८ कशासाठी आहे? तक्रार अर्जाची पोच द्यायलाही अंमलदार तयार नव्हता. ‘साहेब आल्यावर बघू’ हे एकच पालुपद. पावतीवरील जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकला, तर तो रद्द झालेला निघाला. महाराष्ट्राचा हा पंधरा अक्षरांचा क्रमांक २७ ने सुरू होतो आणि कोणालाही फुकट तपासता येतो. पैसे देण्याआधीच तपासावा. कर कार्यालयात हे घेऊन गेलो, तर ‘ऑनलाइन तक्रार करा’ म्हणाले, आणि ऑनलाइन तक्रार ‘आमच्या कक्षेत नाही’ या एका ओळीवर निकाली काढण्यात आली. रद्द क्रमांकावर कर वसूल करणारा माणूस कर खात्याच्या कक्षेत नाही, तर मग कोणाच्या? प्रत्येक टेबलावर मला माझी कागदपत्रे नव्याने मांडायला लावली गेली आणि त्या गॅरेजला मात्र एकाही टेबलावरून साधा फोनसुद्धा गेला नाही.

रीतसर पावती न देणे हीदेखील २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही, मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. माझी तक्रार मी तिथे दाखल केली आहे आणि न बदललेला सेन्सर, चिरलेला पाइप व तो दोन पानी कागद जपून ठेवला आहे. वागळे इस्टेटमधील कोणत्याही गॅरेजकडून ज्यांना असा छापील रिपोर्ट मिळाला असेल, त्यांनी त्यावरील चासी नंबर आजच आपल्या आरसीशी ताडून पाहावा, आणि तो जुळला नाही तर मूळ कागद परत करू नये.