सिएटलच्या मार्चसाठी घेतलेलं रेन जॅकेट, अकरा महिने वापरून

मागच्या मार्चमध्ये लेकीकडे सिएटलला जायचं ठरलं तेव्हा नागपुरात पारा 36 ला टेकला होता, आणि अशा उन्हातून दुकानात शिरून गरम कपडे बघायचे म्हणजे काही सुचतच नाही हो. सीताबर्डीला तीन दुकानं फिरलो, तिन्हीकडे तोच जाडा कोट काढून दाखवला, काश्मीरला जाणारे नेतात तो. हे म्हणाले घेऊन टाक, तिकडे थंडी आहे. लेक व्हिडिओ कॉलवर होती, ती म्हणाली, "आई, तो बिलकुल घेऊ नको, एकदा भिजला की दोन दिवस वाळणार नाही. वरून पाणी न शिरणारं पातळ जॅकेट घे, आणि आत पातळ पातळ कपड्यांचे थर घाल." शेवटी ट्रेकिंगचं सामान मिळतं तिथून साडेचार हजाराचं जॅकेट घेतलं.

घेताना तीन गोष्टी बघितल्या आणि तिन्ही कामी आल्या. टॅगवर 10,000 मिमी लिहिलेलं होतं, म्हणजे कापडावर दहा मीटर उंच पाण्याचा खांब उभा केला तरी पाणी आत झिरपत नाही असं ते माप असतं. दुसरं, उलटं करून बघितलं तर शिवणींवर आतून टेप लावलेली होती, कारण कापड कितीही चांगलं असलं तरी सुईच्या भोकातून पाणी येतंच. तिसरं म्हणजे काखेत चेन. ही मला आधी उगीच फॅशन वाटली, पण चढाच्या रस्त्यावर चालताना अंगाला घाम सुटतो आणि पातळ जॅकेट आतूनच ओलं व्हायला लागतं, तेव्हा ती चेन उघडली की हवा खेळते. साइज एक नंबर मोठा घेतला, आत स्वेटर मावायला पाहिजे ना.

कोट नेला नाही म्हणून बॅगेत अडीच किलो जागा उरली, त्यात कुरड्या आणि सावजी मसाला गेला, लेक एवढी खूश झाली की काय सांगू.

आता तिथल्या पावसाचं सांगते, कारण पॅकिंगचं सगळं गणित त्याच्यावरच आहे. मला वाटायचं सिएटल म्हणजे धो धो पाऊस. पण वर्षाचा हिशोब केला तर तिथे हजार मिलिमीटरच्या आतबाहेर पडतो, आणि आपल्या नागपुरातही हजाराच्या वरच पडतो की! फरक एवढाच की आपला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये ओतून मोकळा होतो आणि तिथला वर्षातल्या दीडशेएक दिवसांवर पसरलेला असतो, भुरभुर, भुरभुर, मध्येच ऊन, परत भुरभुर. पॅसिफिकवरून ओले वारे येत राहतात आणि पूर्वेला कॅस्केडची डोंगररांग आडवी पडलेली आहे, त्यामुळे हिवाळाभर आभाळ भरलेलंच. मार्चमध्ये दुपारी 12 डिग्री, पहाटे 5. अशा पावसात माणूस एकदम भिजत नाही, हळूहळू ओला होतो आणि मग थंडी वाजते. म्हणून तिथली बरीच माणसं छत्री उघडतच नाहीत, टोपी ओढतात आणि चालू लागतात. मी नेलेली छत्री तीन आठवड्यांत दोनदाच उघडली, त्यातही एकदा समुद्राकडच्या वाऱ्यानं उलटी झाली.

जॅकेट खरं पटलं ते युनिव्हर्सिटीतली चेरीची झाडं बघायला गेलो त्या दिवशी. 1960 च्या दशकात आर्बोरेटममधून, म्हणजे तिथल्या झाडांच्या मोठ्या बागेतून, आणून तिथे चौकात लावलेली जुनी झाडं आहेत, मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास बहरतात. दोन तास झिमझिम पावसात उभी होते. बाहीवर पाण्याचे थेंब मण्यांसारखे गोल राहायचे आणि हात हलवला की घरंगळून जायचे, चार-पाच गुलाबी पाकळ्या मात्र तशाच चिकटून बसल्या होत्या. आत थर्मल आणि लोकरीचा पातळ स्वेटर, दोन्ही कोरडे ठणठणीत. बेनब्रिज बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीवरही तसंच, पस्तीस मिनिटं डेकवर उभी राहिले, वारा आत आलाच नाही.

चूक झाली ती बुटांत, आणि हे सगळ्यांनी वाचावं असं मला मनापासून वाटतं. मी जाळीचे स्पोर्ट्स शूज नेले होते, फुटाळा तलावावर सकाळी फिरायला वापरते तेच. दुसऱ्याच दिवशी पाइक प्लेस मार्केटच्या ओल्या फरशांवरून फिरून आलो तर मोजे पिळून पाणी निघालं. रात्री बुटात कागद कोंबून ठेवले, सकाळी तरी ओलेच, कारण 8-10 डिग्रीत काही वाळतच नाही. सुती मोजे आणि जीन्स यांचंही तेच, ओलं सुती कापड अंगातली ऊब ओढून घेतं. मग तिथे वॉटरप्रूफ बूट घ्यावे लागले, जॅकेटच्या दुपटीच्या वर पैसे गेले, बाप्पा! जॅकेटवर जेवढं डोकं लावलं त्याच्या अर्धं जरी बुटांवर लावलं असतं तरी ते पैसे वाचले असते.

परत आल्यावर मे महिन्यात जॅकेट कूलरच्या खोलीत हँगरला टांगून ठेवलं, ते नडलं. बाहेर 44-45 डिग्री आणि खोलीत कूलरचा दमटपणा, ह्या दोन्हीनं आतला थर सुटायला लागतो. डाव्या खांद्याजवळची टेप बोटभर उचलली गेली. आता कोरड्या कपाटात ठेवते. धुताना थोडंसं लिक्विड साबण, कपडे मऊ करायचं औषध अजिबात नाही, त्यानं पाणी घरंगळणं बंद होतं. वाळल्यावर वर सुती कापड टाकून मंद इस्त्री फिरवते, तेवढ्यानंही थेंब परत गोल व्हायला लागतात.

पावसाळ्यात तेच घालून स्कूटीवर निघाले. नका करू. वर्धा रोडवर आपला झोडपणारा पाऊस आला की हे कमरेपर्यंतचं जॅकेट मांडी झाकत नाही, हँडल धरलेलं असल्यामुळे मनगटातून पाणी आत शिरून कोपरापर्यंत जातं, आणि पाठीवरच्या बॅगेचे पट्टे जिथे दाबतात तिथे खांदे ओले होतात. जुलैपासून स्कूटीला जुना पँटवाला रेनकोटच वापरते. हे जॅकेट पायी चालणाऱ्याचं आहे, त्या कामात अजूनही मस्त आहे, दिवाळीनंतर पचमढीला नेलं तेव्हाही वाऱ्याला पुरून उरलं.

येत्या मार्चमध्ये माझी धाकटी बहीण चाललीये लेकीकडे. तिला हेच जॅकेट देतेय, खांद्याची टेप परत चिकटवून घेतली आहे. लोकरीचे मोजे चार जोड, थर्मल दोन, जीन्स एकच, तीही विमानात घालायला. बूट मात्र तिच्या मापाचे नवे घ्यायला लावले, आणि पंधरा दिवस आधीपासून रोज सकाळी ते घालून फुटाळ्याला दोन चकरा मारतेय ती, म्हणजे तिथे गेल्यावर पायाला फोड यायला नको.