अंदाजाने ठरवायचं की हिशेबाने?

नव्याने मॅनेजर झालेली मुलं हटकून विचारतात, निर्णय घेताना अनुभवावर भिस्त ठेवावी की आकड्यांवर? मी आधी विचारतो, निर्णय चुकला तर ते तुला कधी कळणार?

भोसरीच्या आमच्या मशीन शॉपमध्ये फोरमनकाका नुसत्या आवाजावरून इन्सर्ट (धातू कापणारं बदलतं पातं) बदलायला सांगायचे. काढून पाहिलं की कड झिजलेलीच असायची. रोज तेच मशीन, तोच माल, आणि अंदाज चुकला तर पुढचाच जॉब (बनवलेला भाग) गेजमध्ये, म्हणजे मापात, बसत नाही. असा अंदाज दिवसातून दहा वेळा तपासला जातो, म्हणून पक्का होतो. दोन मानसशास्त्रज्ञ बघा: डॅनियल कानेमन अंदाजावर संशय घेणारे, गॅरी क्लाइन अग्निशमन दलातल्या अधिकाऱ्यांचे अंदाज अभ्यासून त्यावर विश्वास ठेवणारे. २००९ च्या संयुक्त लेखात दोघांचं एकमत झालं ते याच अटीवर: कामात नियमितपणा हवा आणि चूक-बरोबर लवकर कळायला हवं.

माणसं घेताना नेमकं हेच नसतं. 'बघताक्षणी माणूस ओळखतो' म्हणणाऱ्या साहेबांना त्यांनी नाकारलेला मुलगा पुढे कुठे चमकला हे कधीच कळत नाही. मग त्यांचा अंदाज सुधारणार कसा? इथे सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारावेत, प्रत्येक उत्तराला लगेच गुण द्यावेत आणि मत शेवटी बनवावं.

मशीन घेताना तर कागद-पेन्सिल हवीच. समजा, कर्ज काढून घेतलेलं ३० लाखांचं व्हीएमसी (धातूचे भाग कापणारं संगणकावर चालणारं मशीन), १० टक्के व्याज, ५ वर्षांची मुदत. हप्ता महिना साधारण ६४,००० रुपये. तासाला ४०० रुपये दर मिळाला आणि ऑपरेटर, वीज, टूल यांत २०० गेले, तर नुसत्या हप्त्यासाठी महिन्याला ३२० तास काम हवं. पंचवीस दिवसांत रोज जवळपास १३ तास, म्हणजे एका शिफ्टमध्ये भागत नाही. मी एकदा हा हिशेब न मांडता, ग्राहकाच्या तोंडी शब्दावर मशीन घेतलं आणि आठ महिने दुसऱ्या शिफ्टच्या कामासाठी दारोदार फिरलो.

पण आकडे विचारलं तेवढंच सांगतात. १९८५ मध्ये कोका-कोलाने जवळपास २ लाख लोकांना चव देऊन नवा फॉर्म्युला आणला. चाचणीत तो जिंकला होता. जुना कोक बंद झाल्यावर मात्र लोक खवळले आणि ७९ दिवसांत तो परत आणावा लागला. चव नीट मोजली होती, जुन्या पेयावरची माया त्या मापात आली नव्हती. म्हणून आकडे हिरवा कंदील दाखवत असताना जुन्या सेल्समनला काही खटकत असेल, तर त्याला बसवून नीट ऐका.

वेळेचंही बघा. हर्बर्ट सायमन यांना १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते संस्थांमध्ये निर्णय कसे होतात यावरच्या कामासाठी. मॅनेजर सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही, पुरेसा चांगला सापडला की थांबतो, असं ते म्हणत. चहावाला बदलायला तीन कोटेशन कशाला? नाही पटला तर पुढच्या महिन्यात दुसरा.

तुमचा अंदाज कुठे चालतो हे कळायला एक साधी वही पुरते. तारीख, काय ठरवलं, का ठरवलं, काय होईल असं वाटतं, एवढ्या चार ओळी निकाल लागायच्या आत लिहा. सहा महिन्यांनी तेच पान उघडा.