स्प्रूस म्हणून पाईन गळ्यात मारलं : वाद्याचं लाकूड मागवणाऱ्यांसाठी

वाद्याच्या लाकडाचा एक व्यापारी सध्या कोल्हापूर, सांगली, मिरज पट्ट्यात फोन फिरवतोय. इटलीचा स्प्रूस, फ्लेमवाली म्हणजे लाटांसारखे पट्टे असलेली मेपल, अस्सल काळी एबनी, सगळा माल दहा वर्षं वाळवलेला, अशी सुरुवात असते. बोलायला अतिशय गोड. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे नाव लिहीत नाही. लिहून तसा उपयोगही नाही, कारण दुकानाचं नाव त्याने मधे एकदा बदललेलं मी पाहिलंय. पद्धत तीच आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो.

मी मूळचा पॅटर्न मेकर. कोल्हापूरच्या उद्यमनगर आणि शिरोलीच्या फौंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठीचे नमुने, कोरण्यात उमेदीची वर्षं गेली. पुढे ते काम सीएनसी मशीनवर जायला लागलं आणि पटाशी धरलेला हात मेंडोलिनकडे वळला. कोरीव टॉपची म्हणजे वरच्या फळीची, एफ-होलवाली म्हणजे f आकाराच्या भोकांची मेंडोलिनं करतो. लाकूड मला कळतं. गंमत म्हणजे ह्या व्यापाऱ्याला लाकूड कळणारीच माणसं लागतात, कारण ती नमुना पारखतात आणि नमुना पास झाला की निर्धास्त होतात.

ज्यांचा ह्या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं. मेंडोलिनला आठ तारा, जोडीजोडीने चार सूर, व्हायोलिनसारखेच. आठही तारांचा मिळून ताण साधारण 70 ते 80 किलो भरतो आणि त्याचा दाब घोडीवाटे टॉपवर येतो. तो टॉप मध्यभागी जेमतेम साडेचार-पाच मिलिमीटर, कडेला तीनच्या आसपास. इतक्या पातळ लाकडाने दाब सोसायचा आणि वर थरथरायचंही, म्हणजे ते हलकं हवं आणि ताठही हवं. 1922 मध्ये गिब्सन ह्या अमेरिकन कंपनीने एफ-5 हे मेंडोलिन काढलं, त्यात टॉप स्प्रूसचा, बॅक (पाठ) मेपलची, फ्रेटबोर्ड (मानेवरची बोटं दाबायची पट्टी) एबनीचा असा मेळ होता आणि आजही जगभर तोच चालतो. बॅकला आपलं शिसव चालतं, तून झाडाचं लाकूड चालतं. टॉपला मात्र सागवान जड पडतं आणि देवदार तेलकट. म्हणून बाहेरच्या लाकडासाठी पैसे मोजायचे.

पहिल्यांदा त्याने एकच सेट पाठवला. माल एक नंबर. वर्षरेषा सरळ, बारीक, टोकाकडून बघितलं तर पृष्ठभागाला काटकोनात उभ्या. फळी तिरकी धरली की आडवी रेशमी चमक दिसायची, म्हणजे क्वार्टर-सॉन, वर्षरेषा उभ्या येतील अशी कापलेली. त्या सेटचं वाद्य इचलकरंजीच्या एका वादकाने घेतलं आणि अजून खूश आहे. त्यानंतर फोन आला, "मिस्त्री, कंटेनर आलाय. एकदम दहा सेट घेतले तर भाव पाडून देतो. फक्त पैसे आधी, बाकीचे कारागीर रांगेत आहेत."

खोका आला. मेपल उत्तम होती आणि ती उत्तम का होती हे मला नंतर कळलं. मेपलची लाट फळी हलवली की जागा बदलते, उजळ पट्टा गडद होतो, गडद उजळतो. रंगाने काढलेली लाट जागची हलत नाही. ती लबाडी मिनिटात उघडी पडते, म्हणून तिथे त्याने हात घातला नाही. वरच्या थरात मेपल होती, खाली स्प्रूस, आणि स्प्रूसच्या प्रत्येक फळीची दोन्ही टोकं काळ्या जाड मेणात बुडवलेली.

टोकाला मेण लावणं हा गुन्हा नाही. लाकूड टोकाकडून भराभर सुकतं आणि चिरतं, म्हणून चांगले व्यापारी टोकं मेणाने किंवा रंगाने बंद करतातच. लाकडाचं आधारकार्ड मात्र टोकालाच असतं. वर्षरेषा उभ्या आहेत की आडव्या, राळेच्या नळ्या केवढ्या आहेत, सगळं तिथेच. इथे सुतारकामातली चांगली सवयच त्याने पडदा म्हणून वापरली.

आधी बिंग फुटलं ते एबनीचं. हातात एक वाद्य जवळजवळ पुरं होत आलं होतं, त्याला नव्या खोक्यातला फ्रेटबोर्ड लावला. रंध्याखाली काळा, कानशीखाली काळा. मग चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून फ्रेंच पॉलिशला बसलो. मानेच्या कडेने बोळा फिरवला आणि पांढऱ्याशुभ्र मेपलवर जांभळट काळा ओघळ उतरला. स्पिरिटने रंग सोडला होता. एबनीतल्या करड्या रेषा झाकायला थोडी शाई बरेच जण लावतात, म्हणून लगेच निष्कर्ष काढला नाही. खोक्यातला दुसरा तुकडा मधोमध कापला. बाहेरून तीन-चार मिलिमीटर काळा आणि आत पिवळट पांढरा! खरी एबनी इतकी जड असते की बहुतेक वेळा पाण्यात बुडते. हा तुकडा बादलीत तरंगत राहिला.

मग स्प्रूसकडे वळलो. फळीचं टोक दोन बोटं कापून काढलं आणि धारदार पटाशीने चकचकीत केलं. वर्षरेषा तिरक्या, काही फळ्यांत चक्क आडव्या. अशा कापाचं लाकूड रुंदीत उभ्या रेषांच्या लाकडापेक्षा जवळपास दुप्पट आकसतं आणि फुगतं. आपल्याकडे मार्चचं कोरडं ऊन आणि जुलैत भिंतीला बुरशी. तसला टॉप दोन पावसाळे सरळ राहत नाही. दहापट दाखवणाऱ्या भिंगातून पाहिलं तर राळेच्या नळ्या ठसठशीत, सगळीकडे विखुरलेल्या. स्प्रूसमध्येही नळ्या असतात, पण बारीक आणि तुरळक. हे पाईन होतं, ज्याचे पॅकिंगचे खोके ठोकतात ते. रंग पांढराफटक दिसावा म्हणून बहुधा ब्लीच केलेलं, कारण आत लाकूड पिवळसर निघालं.

वजनही पाहिलं. चौकोनी फळीची लांबी, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ग्रॅममधल्या वजनाला त्या गुणाकाराने भागायचं. ही झाली घनता. सुकलेला स्प्रूस 0.40 ते 0.45 च्या आसपास येतो. ह्या फळ्या 0.54 आल्या. ओलावा मोजला तर 17 टक्के, आणि म्हणे दहा वर्षं वाळवलेला.

खरा डाव अजून पुढेच होता. बिल घेऊन मी सीए असलेल्या भाच्याकडे गेलो. त्याने लाकूड पाहिलंच नाही, बिलावरच्या एचएसएनवर, म्हणजे मालाच्या प्रकाराच्या कोडवर, बोट ठेवलं. "मामा, इथे एचएसएन 440711 लिहिलंय. हा पाईनचा कोड आहे. फर आणि स्प्रूसचा 440712." मालाच्या रकान्यात 'सॉफ्टवुड साईझ' (सूचिपर्णी झाडाचं कापलेलं लाकूड) एवढंच. स्प्रूस हा शब्द बिलावर कुठेच नाही. सरकारला त्याने खरं सांगितलं होतं, खोटं फक्त मला.

फोन लावला तर तोच गोड आवाज. "मिस्त्री, बिल वाचलं नाही का? पाईनचं बिल, पाईनचा माल." एबनीचं विचारल्यावर म्हणाला, "'ब्लॅक फ्रेटबोर्ड' लिहिलंय, काळा आहे ना?" मग माझा नंबर ब्लॉक.

म्हणजे ही फसवणूक लाकडातली कमी आणि कागदातली जास्त. स्प्रूस, एबनी हे शब्द त्याने फक्त तोंडाने आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस मेसेजमध्ये वापरले. ते मेसेज माझ्याकडे राहिले म्हणून प्रकरण उभं राहिलं. फोन बदलू नका, चॅट साफ करू नका. असा पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं. वकील त्याचा मसुदा करून देतो, सह्या मात्र फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या आणि तज्ज्ञाच्या लागतात. पोलीस ठाण्यात 'हे दिवाणी आहे' ऐकायला मिळालं. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत 318 आहे आणि लेखी तक्रार देऊन पोच घ्यायला कुणी अडवू शकत नाही. ती घेतली.

ग्राहक आयोगाबद्दल कारागिरांचा एक गैरसमज असतो, की धंद्यासाठी घेतलेल्या मालाला तिथे दाद नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे की स्वतःच्या हाताने काम करून पोट भरण्यापुरता माल घेतला असेल तर तो ग्राहकच. व्यापारी कुठल्याही शहरातला असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. आधी 1915 ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली तर तडजोडीची एक फेरी तिथेच होते. माझ्या बाबतीत त्याने 'तक्रार मागे घ्या, निम्मे पैसे देतो' असा निरोप तिसऱ्याच माणसाकडून पाठवला. मी नाही म्हणालो.

फळ्या पुरावा म्हणून मेणासकट ठेवल्यात, कापलेली टोकं तारीख घालून पिशवीत. एरवी पॅटर्नला वाईट नव्हत्या.

मिरजेतल्या एका सतारवाल्या मित्रालाही गेल्या महिन्यात त्याचाच फोन आला. मित्राने दोनच गोष्टी मागितल्या: मेण काढलेल्या टोकाचा फोटो, आणि पैसे देण्याआधी कोटेशनवर लाकडाचं शास्त्रीय नाव, म्हणजे पिसिया अबीज किंवा पिसिया सिचेन्सिस, शेजारी एचएसएन 440712. माल खरोखर आयात केलेला असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीची नोंद, हीसुद्धा दाखवता येते, पण तिथवर गोष्ट गेलीच नाही. "पाठवतो दादा, पाच मिनिटांत," म्हणाला. मित्राचाही नंबर आता ब्लॉक आहे.