भुऱ्याची आंघोळ आणि साडेतीनशेची लिक मॅट

आमचा कुत्रा भुऱ्या आम्हाला गोदाघाटावर सापडला, भर पावसात, एका टपरीखाली. नदीकाठचं पोर, पण बादलीत नळ सोडला की थेट दिवाणाखाली. मागच्या वर्षी एका डॉग पार्लरमध्ये (नाव घेत नाही) त्याला टेबलाला बांधून ब्लोअर लावला. त्यानंतर दोन दिवस पोळीला तोंड लावलं नाही त्यानं. तेव्हापासून नुसता टॉवेल दिसला तरी थरथरायचा.

म्हणून ही लिक मॅट ऑनलाइन मागवली. सिलिकॉनची, वीतभर, वर खाचा, मागे भिंतीला चिकटणाऱ्या रबरी वाट्या. खाचांत काहीतरी माखायचं आणि कुत्रं चाटण्यात गुंतलं की आपण आंघोळ उरकायची, एवढंच.

पहिल्या दिवशी फजिती झाली. आमच्या बाथरूमच्या फरशा खरखरीत, वाट्या दोन मिनिटांत सुटल्या आणि भुऱ्या दह्यासकट मॅट घेऊन हॉलमध्ये. आईंनी (सासूबाईंनी) तेव्हा जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. गुळगुळीत टाइल शोधा, पुसून घ्या, वाट्या ओल्या करून दाबा. मॅट त्याच्या नाकाच्या उंचीवर हवी.

घट्ट दही किंवा उकडलेला लाल भोपळा माखून तासभर फ्रीझरमध्ये ठेवली की सात-आठ मिनिटं पुरते. पीनट बटर वापरणार असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलंय का बघा, कुत्र्यांना ते विष आहे. आणि द्राक्षं, मनुका अजिबात नाही, किडनी जाते. हे मुद्दाम सांगते, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकच्या घरात द्राक्षांचा घड कुठे ना कुठे पडलेला असतोच.

पण खरी गोम मॅटमध्ये नव्हती. भुऱ्या पाण्याला जितका घाबरायचा, त्याहून जास्त पाय घसरायला घाबरत होता. खाली ओलं गोणपाट अंथरलं आणि निम्मी थरथर तिथेच गेली. फुकटात. पहिला आठवडा पाणी घेतलंच नाही, कोरड्या बाथरूममध्ये नुसती मॅट चाटू दिली. मग कोमट पाणी, कोपर बुडवून पाहिलेलं, तांब्यानं मागच्या पायांपासून. शॉवर नाही. तोंड शेवटी, ओल्या फडक्यानं. शाम्पू कुत्र्यांचाच घ्या, आपला त्यांच्या कातडीला सोसत नाही.

तक्रारी आहेत. खाचांतलं दही जुन्या टूथब्रशनं खरवडावं लागतं, नाहीतर वास मारतो. दही संपलं की हा कडा कुरतडतो, एक कोपरा गेलाच आहे. त्यामुळे मॅट देऊन पाठ फिरवू नका. आणि आवडीचं खाणं समोर असूनही कुत्रं तोंड लावत नसेल तर ते फार घाबरलंय, त्या दिवशी आंघोळ राहू द्या. आम्हीही दोनदा तसंच परत फिरलो.

पाचपैकी साडेतीन. उरलेला दीड गोणपाटाला.

गेल्या रविवारी स्वतःच्या पायानं बाथरूममध्ये आला. अंग पुसायला टॉवेल घेतला तर मात्र पुन्हा दिवाणाखाली. सध्या अण्णांच्या जुन्या धोतरानं पुसतोय.